चाकांवरच्या घरात टीव्ही कसा टिकतो

अमेरिका आणि कॅनडा या देशांत सुट्टीतील भटकंतीसाठी मोटारीला किंवा पिकअप ट्रकला मागून जोडून ओढून नेण्याची जी छोटी घरे वापरली जातात, त्यांना कॅम्पिंग ट्रेलर किंवा ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. पाचसहा मीटरपासून दहा मीटरपर्यंत लांबीच्या या घरांत ओटा, शेगडी, फ्रिज, पलंग आणि न्हाणीघर एवढे सगळे दाटीवाटीने बसवलेले असते आणि आता त्यात भिंतीवरच्या सपाट टीव्हीचीही भर पडली आहे. इंडियाना राज्यातील एल्खार्ट परगणा हे या उद्योगाचे माहेरघर असून, कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या अनेक ट्रेलरांत टीव्ही आधीच लावलेला असतो, किंवा निदान त्याची जागा, विजेचा सॉकेट आणि अँटेनाची केबल यांची सोय तरी केलेली असते. मात्र भिंतीवर टीव्ही लावण्याचे जे तंत्र सर्वत्र रूढ आहे, ते एका जागी उभ्या असलेल्या, न हलणाऱ्या भिंतीसाठी घडले आहे. तीच भिंत ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने रस्त्यावरून धावू लागली, की त्या तंत्रातील जवळजवळ प्रत्येक गृहीतक डळमळू लागते.

काचेच्या नळीचे टीव्ही होते तेव्हा हा प्रश्न वेगळ्या रूपात होता. ते टीव्ही वजनदार असत, भिंतीवर टांगणे शक्यच नसे, त्यामुळे ते लाकडी कपाटाच्या खणात चारही बाजूंनी टेकवून वर पट्ट्याने आवळले जात. सपाट टीव्ही आल्यावर वजन उतरले, खण गेला आणि टीव्ही भिंतीतून पुढे आलेल्या ब्रॅकेटच्या धातूच्या हातावर एकट्याने लटकू लागला. वजन कमी झाले म्हणून काळजी मिटली, असा समज यातूनच पसरला, आणि अनेक अपघातांचे मूळ या समजातच आहे. टीव्ही पडतो तो त्याच्या वजनाने नव्हे, तर प्रवासात हजारो वेळा होणाऱ्या बारीक हालचालीने. म्हणून तो बळकट टांगण्यापेक्षा त्याची हालचाल संपवणे हे खरे काम आहे.

टीव्हीच्या पाठीवर चार छिद्रांचा जो चौकोन किंवा आयत दिसतो, तो व्हेसा या नावाने ओळखला जातो. व्हिडिओ इलेक्ट्रॉनिक्स स्टँडर्ड्स असोसिएशन ही १९८९ साली स्थापन झालेली संस्था पडद्यांविषयीची मानके ठरवते आणि तिच्याच नावाची आद्याक्षरे या चौकोनाला चिकटली आहेत. ट्रेलरमध्ये बसणाऱ्या लहान टीव्हींवर छिद्रांमधले अंतर बहुधा ७५, १०० किंवा २०० मिलिमीटर असते आणि त्यात बहुतेकदा चार मिलिमीटर व्यासाचे बोल्ट बसतात. या मानकामुळे कोणत्याही कंपनीचा टीव्ही कोणत्याही कंपनीच्या ब्रॅकेटवर चढतो, ही मोठीच सोय आहे. पण ब्रॅकेटच्या खोक्यावर छापलेला किलोंचा आकडा सामान्यतः स्थिर वजनाचा असतो, हे ग्राहकाच्या लक्षात येत नाही. पंधरा किलो पेलणारा ब्रॅकेट पाच किलोच्या टीव्हीसाठी तिप्पट सुरक्षित आहे, हे गणित घराच्या दिवाणखान्यात बरोबर ठरते, रस्त्यावर नाही.

रस्ता नेमके काय करतो हे पाहण्यासाठी अमेरिकेतील सिमेंट काँक्रीटचे महामार्ग सोयीचे उदाहरण ठरतात. काँक्रीट तापमानाबरोबर आकुंचन आणि प्रसरण पावते, म्हणून असा रस्ता सलग न ठेवता साधारण साडेचार मीटर अंतरावर आडव्या फटी पाडून त्याचे तुकडे केले जातात. ताशी ९६ किलोमीटर वेगाने जाणारे चाक एका सेकंदात सुमारे २७ मीटर अंतर कापते, म्हणजे दर सेकंदाला जवळपास सहा फटी ओलांडते आणि तीनशे किलोमीटरच्या मजलेत अशा साठ हजारांहून अधिक फटींचा ठोका ट्रेलरला बसतो. यातला एकही ठोका मोठा नसतो. याखेरीज सुमारे ७० सेंटिमीटर व्यासाचे चाक त्याच वेगाला सेकंदात बारा वेळा फिरते आणि ते नीट समतोल केलेले नसेल, जसे ट्रेलरच्या बाबतीत वारंवार घडते, तर प्रत्येक फेऱ्याबरोबर आणखी एक हादरा तयार होतो. मोटारीत हे हादरे शॉक अ‍ॅब्सॉर्बर गिळून टाकतात. पण बहुसंख्य स्वस्त ट्रेलरांत नुसते पोलादी पाटे असतात, शॉक अ‍ॅब्सॉर्बर नसतात, आणि टायरमध्ये हवाही कडक भरलेली असते. धावता ट्रेलर म्हणजे अखंड चालू असलेला भूकंप, असे तेथील ट्रेलरवाले म्हणतात ते अतिशयोक्तीने नव्हे. हा भूकंप सगळ्या घरात सारखा नसतो हेही खरे. अ‍ॅक्सलच्या वरचा भाग त्यातल्या त्यात शांत राहतो आणि मागचे टोक सर्वांत जास्त वरखाली होते, त्यामुळे मागच्या भिंतीवर, शयनकक्षात पलंगाच्या पायथ्याशी लावलेला टीव्ही बैठकीतल्या टीव्हीपेक्षा लवकर सैल होतो.

आता या ठोक्यांना टीव्ही कसा प्रतिसाद देतो ते पाहावे लागते. कोणतीही लवचिक गोष्ट एकदा हलवून सोडली, की ती स्वतःच्या ठरावीक गतीने झुलते. सेकंदाला किती झोके, त्या संख्येला तिची नैसर्गिक कंप्रता म्हणतात. बाहेरून बसणाऱ्या ठोक्यांची लय या कंप्रतेशी जुळली, तर प्रत्येक ठोका आधीच्या झोक्यात भर घालत जातो आणि लहान हालचाल मोठी होते. भौतिकशास्त्रात याला अनुस्पंदन म्हणतात. भिंतीतून बाहेर ओढलेल्या हातावरचा टीव्ही हा अशा झुलण्याचा उत्तम नमुना आहे आणि त्याची कंप्रता काढायला प्रयोगशाळा लागत नाही. टीव्ही टांगल्यावर त्याच्या भाराने हात जितका खाली वाकतो, तेवढ्या मापावरून ती ढोबळमानाने सांगता येते: सात मिलिमीटर वाकत असेल तर कंप्रता सेकंदाला सुमारे सहा येते, पावणेदोन मिलिमीटर वाकत असेल तर बारा, आणि एकच मिलिमीटर वाकत असेल तर जवळपास सोळा. म्हणजे सात मिलिमीटर झुकलेला हात थेट काँक्रीटच्या फटींच्या लयीत सापडतो आणि पावणेदोन मिलिमीटर झुकलेला हात चाकाच्या फेऱ्याच्या लयीत. वाकणे नाहीसे केले, की टीव्ही या दोन्ही लयींच्या वर निघून जातो. प्रवासात टीव्हीच्या खालच्या कडेला आधार दिल्याने एवढा फरक का पडतो, याचे उत्तर या साध्या आकडेमोडीत मिळते.

दुसरे गणित तरफेचे आहे. ३२ इंची टीव्ही सुमारे पाच किलोचा धरला, हात भिंतीपासून ४० सेंटिमीटर बाहेर ओढलेला असला, आणि ब्रॅकेटच्या वरच्या व खालच्या स्क्रूंमध्ये १५ सेंटिमीटर अंतर असले, तर वरच्या स्क्रूंना भिंतीतून बाहेर खेचणारा जोर तेरा किलोंच्या वर जातो. खड्ड्यातून जाताना भार क्षणभर तिप्पट झाला, तर तो चाळीस किलो होतो. हाच हात भिंतीला चिकटवून मिटवला आणि टीव्ही पाच सेंटिमीटरवर आला, तर त्याच खड्ड्यात तो जोर पाच किलोंवर येतो. टीव्ही तोच, ब्रॅकेट तोच आणि रस्ताही तोच, तरी नुसता हात मिटवल्याने स्क्रूवरचा ताण एक अष्टमांश होतो. निघण्यापूर्वी टीव्ही मिटवायला विसरणे ही म्हणूनच लहान चूक नाही.

हे चाळीस किलो शेवटी भिंतीला पेलायचे असतात, आणि ट्रेलरची भिंत हा या सगळ्या रचनेतला सर्वांत दुबळा दुवा आहे. बाहेरून पन्हाळीदार अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा असलेल्या पारंपरिक ट्रेलरमध्ये सुमारे ३८ मिलिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्यांचा सांगाडा असतो आणि त्यावर आतून जेमतेम तीन मिलिमीटरचा प्लायवुडचा पत्रा ठोकलेला असतो. आग्नेय आशियातील हलक्या लाकडापासून बनणाऱ्या या पातळ प्लायवुडला तिकडे लुआन म्हणतात. दुसऱ्या प्रकारच्या भिंतीत अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी नळ्यांचा सांगाडा, त्यात थर्माकोलसारखा फेस, दोन्ही बाजूंना पातळ पत्रे आणि बाहेर फायबरग्लासचे कवच, असे सगळे एकमेकांना चिकटवून एकसंध फळी तयार केलेली असते. ही फळी एकूण मजबूत असली, तरी तिच्या एखाद्या बिंदूवर स्क्रू मारला, तर त्याला पकडायला तीन मिलिमीटर लाकूड आणि त्यामागे फेस एवढेच मिळते. घरातील भिंतीत वापरतात ते प्लास्टिकचे रावळप्लग येथे कुचकामी ठरतात, कारण त्यांना फुगून आवळायला आजूबाजूला वीट किंवा काँक्रीट लागते.

या कारणाने कारखान्यात ठरवलेल्या जागी भिंतीच्या आत एक जाड प्लायवुडचा तुकडा किंवा धातूची पट्टी आधीच घातलेली असते आणि ब्रॅकेटचे स्क्रू तिच्यात रुतणे अपेक्षित असते. ही पट्टी कोठे आहे हे बाहेरून दिसत नाही; काही कारखाने तेथे खुणेचा स्टिकर लावतात, काहींच्या नकाशात ती दाखवलेली असते आणि बाकीच्यांना विचारावे लागते. मोठा टीव्ही आणून तो चार बोटे बाजूला सरकवून लावणारा मालक नेमका या पट्टीच्या बाहेर जातो आणि त्याला ते पहिल्या लांबच्या प्रवासानंतर कळते. पट्टी नसलेल्या जागी टीव्ही लावायचाच असेल, तर बारा मिलिमीटर प्लायवुडची एक रुंद फळी सांगाड्याच्या दोन उभ्या पट्ट्यांना जोडून आधी भिंतीवर बसवावी आणि ब्रॅकेट त्या फळीवर लावावा, हा उपाय दिसायला ओबडधोबड असला तरी सर्वांत भरवशाचा आहे. दुहेरी चिकटपट्टीवर विसंबून राहणे मात्र टाळलेलेच बरे, कारण चिकटपट्टी ज्या पत्र्याला चिकटते तो पत्राच मागच्या फेसावर नुसत्या गोंदाने टिकलेला असतो, शिवाय उन्हात बंद उभ्या असलेल्या ट्रेलरच्या आतील उष्णतेत तो गोंदही मऊ पडतो. स्क्रूची लांबी हीसुद्धा जपून ठरवण्याची बाब आहे. भिंतीची पूर्ण जाडी अनेकदा पाच सेंटिमीटरही नसते, आणि पलीकडे निघालेल्या स्क्रूच्या छिद्रातून पावसाचे पाणी आत शिरले, तर वर्षभरात भिंतच कुजते. टीव्ही वाचला आणि घर गेले, असा तो व्यवहार होतो.

स्क्रू आणि बोल्ट यांच्या सैल होण्याच्या तऱ्हाही वेगळ्या आहेत. लाकडात रुतलेला स्क्रू फिरून बाहेर येत नाही. तो आपल्या छिद्राला रोज थोडे कुरतडतो आणि छिद्र मोठे झाल्यावर एक दिवस सरळ बाहेर निघतो. नट आणि बोल्ट मात्र खरोखर फिरतात. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली प्रयोगाने असे दाखवले, की बोल्टच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या धक्क्यांपेक्षा आडव्या दिशेने होणारी बारीक घसरण त्याला फार लवकर सोडवते, कारण तेवढ्या क्षणापुरते आट्यांमधले घर्षण जणू नाहीसे होते. डावी-उजवीकडे झुलणारा टीव्ही आपल्या सांध्यांना नेमकी हीच आडवी घसरण पुरवत असतो. त्यावरचा एक उपाय म्हणजे आतल्या बाजूस नायलॉनचे कडे असलेले नट, आणि दुसरा म्हणजे आट्यांत भरायचा द्रव गोंद. कनेक्टिकट राज्यातील ट्रिनिटी कॉलेजचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ साली विकसित केलेला आणि पुढे लॉकटाइट या नावाने जगभर पोहोचलेला हा गोंद हवा तुटल्यावर, धातूच्या सान्निध्यात घट्ट होतो. त्याची निळी जात साध्या पान्याने पुन्हा सोडवता येते, तर तांबडी जात तापवल्याशिवाय सुटत नाही, म्हणून ब्रॅकेटच्या सांध्यांना निळीच योग्य. टीव्हीच्या पाठीवरच्या चार बोल्टांना मात्र हा गोंद लावण्याची घाई करू नये. तो काही प्रकारच्या प्लास्टिकला तडे पाडतो आणि टीव्हीची पाठ प्लास्टिकचीच असते. तेथे दातेरी वॉशर पुरेसा होतो.

बाजारात खास ट्रेलरसाठी बनवलेले ब्रॅकेट मिळतात. त्यांचा हात मिटवून भिंतीकडे दाबला, की आतली खिट्टी खट् आवाज करून अडकते आणि खाली लोंबणारी दोरी ओढल्याशिवाय सुटत नाही. साध्या घरगुती ब्रॅकेटपेक्षा हे निःसंशय चांगले, परंतु खिट्टी फक्त हात उघडू देत नाही. वरखाली होणारी थरथर ती थांबवत नाही, आणि खिट्टीच्या खाचेत असलेली मिलिमीटरभर मोकळीक प्रवासभर खडखडत राहते. त्यामुळे खिट्टीचा ब्रॅकेट असला तरी प्रवासासाठी वेगळा पट्टा लावणे सुज्ञपणाचे ठरते. टीव्हीच्या दोन्ही बाजूंना भिंतीत, अर्थातच आतल्या पट्टीत किंवा सांगाड्यात, लहान धातूची कडी बसवतात. टीव्ही आणि भिंत यांच्यामध्ये, व टीव्हीच्या खालच्या कडेला एखादी फळी किंवा कपाटाचा माथा असल्यास त्या फटीत, दाट फोमचा तुकडा दाबून बसवतात. आणि मग न ताणला जाणारा नायलॉनचा पट्टा टीव्हीच्या पुढून किंवा ब्रॅकेटच्या हाताभोवती घेऊन बकलने आवळतात. पट्टा पडद्याच्या मधोमध न जाता चौकटीवरून जावा, कारण मधोमध दाब पडला तर पट्टाच पडदा फोडतो. वेल्क्रोचा रुंद पट्टाही लहान टीव्हीला चालतो. सर्वांत लोकप्रिय असलेली रबरी हुकाची दोरी मात्र या कामाला सर्वांत अयोग्य आहे: ती टीव्हीला धरून ठेवल्याचे समाधान देते, पण ताणली जात असल्याने झोका थांबवण्याऐवजी त्याला आणखी एक स्प्रिंग जोडून देते.

टीव्ही भिंतीवर राहिला म्हणजे तो सुखरूप राहिलाच असे नाही, कारण हादऱ्यांचा परिणाम त्याच्या पोटातही होतो. एलसीडी पडदा म्हणजे सुमारे अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या दोन काचा आणि त्यांच्यामध्ये द्रवस्फटिकांचा अतिपातळ थर. या काचांच्या कडांना चित्राचे संकेत आणणाऱ्या कागदासारख्या पातळ पट्ट्या विशिष्ट वाहक गोंदाने चिकटवलेल्या असतात. त्यातली एखादी पट्टी सुटली, की पडद्यावर उभी रेघ उमटते आणि दुरुस्तीचा खर्च नव्या टीव्हीशी स्पर्धा करू लागतो. मागे प्रकाशासाठी एलईडीच्या रांगा असलेल्या टीव्हीत प्रत्येक दिव्यावर प्रकाश पसरवणारे प्लास्टिकचे छोटे भिंग गोंदाने चिकटवलेले असते. ते गळून पडले, की पडद्यावर त्या जागी पांढराशुभ्र ठिपका दिसतो. सोबतच्या केबलींकडेही लक्ष द्यावे लागते, कारण हात मिटताना ताणली गेलेली एचडीएमआय केबल टीव्हीच्या आतल्या सर्किट बोर्डावरचा जोड उखडते. तिला एक सैल वळसा ठेवून हाताला बांधणे एवढाच त्यावर इलाज आहे.

हे सगळे टाळण्यासाठी काही जण प्रत्येक प्रवासापूर्वी टीव्ही उतरवून पलंगावर ठेवतात, आणि ब्रॅकेट झटपट सुटणारा असेल तर तो मार्ग वाईट नाही. पण पलंगावर उताणा किंवा पालथा टाकलेला पडदा स्वतःच्याच भाराने मध्ये झोल घेतो आणि प्रत्येक ठोक्याबरोबर वाकतो, म्हणून टीव्ही कारखान्यातून खोक्यात येतो तसा उभाच न्यावा, दोन गाद्यांच्या किंवा उशांच्या मध्ये दाबून. मूळ खोके जपून ठेवले असेल, तर उत्तमच. ज्या ट्रेलरांची एक भिंत मुक्कामाला बाहेर सरकवून खोली वाढवता येते, त्यांत भिंत आत ओढण्याआधी टीव्हीचा हात मिटलेला आहे की नाही हे पाहणे अधिकच निकडीचे, कारण आत येणारी भिंत विजेच्या मोटारीच्या जोराने येते आणि समोरच्या ओट्याशी गाठ पडलेला टीव्ही तिला दिसत नाही.

ट्रेलरच्या बाबतीत आणखी एक अडचण अशी, की काही बिघडत असताना ते ऐकायला आत कोणी नसते. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत धावत्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये माणसांनी बसण्यास मनाई आहे, त्यामुळे पहिल्या तासात सुरू झालेली खडखड संध्याकाळी दार उघडेपर्यंत कोणाच्या कानी पडत नाही. पहिल्या थांब्यावर, टायर आणि जोड तपासताना, आत जाऊन टीव्हीला बोटाने ढकलून पाहण्याची सवय म्हणून उपयोगी पडते. ब्रॅकेटचा भिंतीला लागलेला भागही त्याच्यासोबत हलला, तर स्क्रू सैल होत आहेत. तो भाग स्थिर राहून टीव्ही एकटाच हलला, तर दोष हाताच्या सांध्यात किंवा पट्ट्यात आहे.

मनाईचा दुसरा अर्थ असा, की ट्रेलरमधला टीव्ही पडला तर नुकसान केवळ पैशांचे होते. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटन धोरण आणल्यापासून आपल्याकडे ज्या वाहनांचा गाजावाजा होत आहे, ती मात्र बहुतांशी मागून ओढायची नसून स्वतःच्या इंजिनावर चालणारी आहेत आणि त्यांत प्रवासी टीव्हीसमोरच बसलेले असतात. ताशी ६० किलोमीटर वेगातील वाहन आदळले आणि वेग क्षणार्धात उतरताना गुरुत्वाच्या वीसपट मंदन झाले, तर पाच किलोचा टीव्ही आपल्या स्क्रूंना शंभर किलोंच्या जोराने पुढे ओढतो. चालकाच्या पाठीमागच्या आडव्या भिंतीवर, प्रवाशांकडे तोंड करून लावलेला टीव्ही अशा वेळी भिंतीवरच दाबला जातो. वाहनाच्या मागच्या भिंतीवर, पलंगाच्या वर लावलेला टीव्ही मात्र सुटला तर थेट बसलेल्यांच्या डोक्यांच्या दिशेने येतो. आपल्याकडच्या व्हिडिओ कोच बसमध्ये टीव्हीची पेटी चालकाच्या मागे बसवत, त्यामागचा हेतू सगळ्यांना चित्र दिसावे एवढाच असेल. पण कॅरव्हॅन बांधून घेणाऱ्याने टीव्हीसाठी तीच जागा निवडावी.